पुश केलं की ब्राउझर टेस्ट आपोआप धावल्या पाहिजेत: प्लेराइट आणि गिटहब अ‍ॅक्शन्सचा सेटअप, अगदी पहिल्यापासून

नाशिकमध्ये छोट्या सॉफ्टवेअर टीम आता बऱ्याच झाल्यात. कॉलेज रोड घ्या, गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, कुठेतरी दुसऱ्या मजल्यावर चार-सहा जण बसून कुणाचं तरी वेब अ‍ॅप बनवत असतात, आणि बहुतेक ठिकाणी टेस्टिंग म्हणजे काय तर रिलीजच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून साइटवर क्लिक करत बसायचं. हे काम मशीनवर टाकता येतं (प्लेराइट हे टूल माणसासारखं ब्राउझर चालवून साइट तपासतं, आणि कोड पुश केला, म्हणजे गिटहबवर पाठवला, की गिटहब अ‍ॅक्शन्स ते तपासणं गिटहबच्या मशीनवर आपोआप सुरू करतं), सुरुवातीला एक रुपया न घालवता टाकता येतं, आणि कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनाही बेसिक सेटअप सहज जमतो. त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सीआयमध्ये, म्हणजे पुशनंतर आपोआप होणाऱ्या या तपासणीत, टेस्ट लाल झाली (फेल झाली) की टीममधल्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे की काहीतरी खरंच तुटलंय. ज्या दिवशी "अरे ती तशीच फेल होते, परत रन कर" हे वाक्य टीममध्ये सुरू होतं त्या दिवसापासून त्या सेटअपचा काहीही उपयोग राहत नाही, मग तुमच्याकडे टेस्ट दहा असोत नाहीतर पाचशे. म्हणून थोड्या टेस्ट लिहा, पण विश्वासाच्या लिहा.

उदाहरण म्हणून एक साधं अ‍ॅप डोळ्यासमोर ठेवू. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतकडच्या एखाद्या कांदा व्यापाऱ्याला आवक नोंदवायचीये, फॉर्ममध्ये शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन क्विंटलमध्ये, भाव प्रति क्विंटल, खाली "जतन करा" बटण, आणि जतन केल्यावर पट्टी (हिशेबाची पावती) दिसते. पट्टीवरची रक्कम चुकली तर भांडण थेट माणसांमध्ये होणार, त्यामुळे टेस्ट करायला हे चांगलं उदाहरण आहे.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या इंग्रजी स्मॉल लेटर्समध्येच टाकायच्या.

टूल कुठलं

सेलेनियम हे सगळ्यात जुनं, २००४ मध्ये जेसन हगिन्सने थॉटवर्क्समध्ये असताना सुरू केलं, आणि जॉबच्या जाहिरातींमध्ये जावा-सेलेनियम अजूनही भरपूर दिसतं, त्यामुळे ते शिकलात तर वाया जाणार नाही. सायप्रेसही चांगलं आहे. पण आज नवीन प्रोजेक्टला शून्यातून सुरुवात करायची असेल तर मी प्लेराइटच सांगेन. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०२० मध्ये ओपन सोर्स म्हणून आणलं, क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही इंजिनं एकाच कोडने चालतात, म्हणजे आयफोनच्या सफारीत काय होईल याचा बराचसा अंदाज विंडोज लॅपटॉपवर बसूनही येतो. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, पायथन, जावा, डॉटनेट यातलं काहीही येत असलं तरी चालतं. मी टाइपस्क्रिप्ट धरून सांगतोय.

इन्स्टॉल

नोड जेएसचं चालू एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारं) व्हर्जन, गिट, व्हीएस कोड आणि गिटहबचं अकाउंट एवढं हवं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि "एनपीएम इनिट प्लेराइट अ‍ॅट लेटेस्ट" चालवा. ते चार प्रश्न विचारतं: टाइपस्क्रिप्ट की जावास्क्रिप्ट, टेस्टचं फोल्डर कुठलं, गिटहब अ‍ॅक्शन्सची फाइल बनवू का, आणि ब्राउझर डाउनलोड करू का. तिसऱ्याला नक्की हो म्हणा, डिफॉल्ट उत्तर नाही असं असतं आणि बरेच जण नुसतं एंटर दाबत पुढे जातात, मग ती फाइल शोधत बसतात.

तिन्ही ब्राउझर मिळून डाउनलोड काहीशे एमबीचं होतं, त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर चौथ्या प्रश्नाला नाही म्हणा आणि नंतर "एनपीएक्स प्लेराइट इन्स्टॉल क्रोमियम" एवढंच करा. रोजच्या कामाला क्रोमियम पुरतं, बाकीचे दोन सीआयमध्ये चालतील. फक्त एवढं की कॉन्फिग फाइलमध्ये तिन्ही ब्राउझरचे प्रोजेक्ट लिहिलेले असतात, म्हणून लोकल रन करताना कमांडला "डॅश डॅश प्रोजेक्ट इक्वल टू क्रोमियम" जोडायचं, नाहीतर उरलेले दोन ब्राउझर सापडत नाहीत म्हणून एरर येत राहील.

पहिली टेस्ट

सोबत एक नमुना टेस्ट येते, ती "एनपीएक्स प्लेराइट टेस्ट" ने एकदा चालवून बघा. ब्राउझरची खिडकी दिसत नाही म्हणून घाबरू नका, डिफॉल्ट हेडलेस असतं म्हणजे ब्राउझर पडद्यामागे चालतो. डोळ्यांनी बघायचं असेल तर शेवटी "डॅश डॅश यूआय" लावा, एक छान खिडकी उघडते आणि प्रत्येक स्टेपला पेज कसं होतं ते मागे-पुढे जाऊन बघता येतं. शिकणाऱ्याने पहिले काही दिवस यूआय मोडमध्येच काम करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपली टेस्ट. फॉर्मचं पेज उघडायचं, नाव भरायचं, गाव भरायचं, वजन १२.५ क्विंटल, भाव १८०० रुपये, जतन करा दाबायचं, आणि पट्टीवर २२,५०० दिसतंय का ते तपासायचं. एवढीच. पण प्रत्येक गोष्ट शोधायची कशी याच्यावर टेस्ट टिकणार की नाही ते ठरतं. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधून सीएसएसचा लांबलचक पत्ता कॉपी करून टाकायचा मोह होतो, तो टाळा, कारण डिझायनरने एक डिव्ह वाढवला की पत्ता मोडला. त्याऐवजी युजर ज्या नावाने ती गोष्ट ओळखतो त्याच नावाने शोधा. इनपुटसाठी गेट-बाय-लेबल, बटणासाठी गेट-बाय-रोल आणि त्याचं नाव. याने एक फायदा फुकट मिळतो, इनपुटला नीट लेबल जोडलेलं नसेल तर टेस्टच अडते, आणि तेच इनपुट स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसालाही अडलेलं असतं.

इथे एक ठेच सगळ्यांना लागते. पेजवर "जतन करा" आणि "जतन करा आणि प्रिंट" अशी दोन बटणं असली की प्लेराइट स्ट्रिक्ट मोडची एरर देतं, कारण नाव डिफॉल्टने अर्धवटही जुळतं आणि त्याला दोन सापडतात. एक्झॅक्ट ट्रू हा ऑप्शन द्या. फर्स्ट लावून पहिलं जे सापडेल ते दाबायचं हा उपाय करू नका, उद्या बटणांची जागा बदलली की टेस्ट भलतंच बटण दाबून मोकळी होईल.

दुसरं म्हणजे थांबणं. वेट-फॉर-टाइमआउट देऊन तीन सेकंद थांबा, पाच सेकंद थांबा असं लिहायचं नाही. प्लेराइट क्लिक करायच्या आधी स्वतःच बघतं की बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, एनेबल आहे का, त्याच्यावर दुसरं काही आडवं आलंय का. आणि एक्स्पेक्टच्या ज्या तपासण्या पेजवरच्या गोष्टींसाठी आहेत त्या डिफॉल्ट ५ सेकंदांपर्यंत परत परत बघत राहतात. पूर्ण टेस्टची मर्यादा डिफॉल्ट ३० सेकंद. त्यामुळे "पट्टीवर २२,५०० आलं पाहिजे" एवढं लिहिलं की आकडा आला त्या क्षणी टेस्ट पुढे सरकते. एक्स्पेक्टच्या आधी अवेट विसरू नका, अवेट नसेल तर टेस्ट तपासणी पूर्ण व्हायच्या आत संपते आणि खोटी हिरवी दिसू शकते, आणि खोटी हिरवी ही खोट्या लालपेक्षा जास्त वाईट.

काय लिहायचं सुचत नसेल तर "एनपीएक्स प्लेराइट कोडजेन" आणि पुढे आपल्या साइटचा पत्ता, ब्राउझर उघडतो, तुम्ही क्लिक करत जा, कोड बाजूला लिहिला जातो. तो जसाच्या तसा ठेवू नका, पण सुरुवातीला हात बसायला उत्तम.

अ‍ॅप चालू कोण करणार, डेटा कुठून येणार

तुमच्या लॅपटॉपवर दुसऱ्या टर्मिनलमध्ये अ‍ॅप चालू असतं म्हणून टेस्ट पास होते. गिटहबचं मशीन कोरं असतं, तिथे अ‍ॅप कुणी चालू केलेलंच नाही. यासाठी कॉन्फिगमध्ये वेब-सर्व्हर नावाचा भाग आहे, त्यात अ‍ॅप सुरू करायची कमांड आणि पत्ता द्यायचा, प्लेराइट आधी अ‍ॅप उठवतं, पत्त्यावरून उत्तर येईपर्यंत वाट बघतं, मग टेस्ट सुरू करतं, शेवटी बंद करतं. रीयूज-एक्झिस्टिंग-सर्व्हर हे सीआय नसताना ट्रू आणि सीआयमध्ये फॉल्स ठेवा. सीआय नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल गिटहब स्वतःच सेट करून देतं, तेवढ्यावरून ओळखता येतं.

डेटाबेस लागत असेल तर वर्कफ्लो फाइलमध्ये (गिटहब अ‍ॅक्शन्सने काय काय करायचं ते सांगणारी फाइल) सर्व्हिसेसखाली पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलचा कंटेनर लावता येतो, मायग्रेशन (टेबल तयार करणाऱ्या स्क्रिप्ट) चालवा, थोडा सीड डेटा (सुरुवातीचा नमुना डेटा) टाका, झालं. पण डेटाबद्दल दोन नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. पहिला, प्रत्येक टेस्टने आपल्याला लागणारी नोंद स्वतः बनवायची, दुसऱ्या टेस्टने बनवलेली वापरायची नाही, कारण टेस्ट एकाच वेळी समांतर चालतात आणि कोण आधी संपेल याची काही खात्री नसते. दुसरा, नाव दरवेळी वेगळं ठेवा, म्हणजे नावामागे एखादा रँडम आकडा जोडा. फेल झालेली टेस्ट परत धावते तेव्हा पहिल्या वेळची अर्धवट नोंद तिथेच पडलेली असते, नाव सारखं असेल तर आता यादीत दोन ओळी दिसतात आणि टेस्ट वेगळ्याच कारणाने फेल होते, मग मूळ कारण शोधायला अख्खी दुपार जाते.

आणि खऱ्या शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, आधार, बँक खाती टेस्ट डेटात टाकायची नाहीत म्हणजे नाहीत. प्रॉडक्शनच्या डेटाबेसची कॉपी मारून सीआयला देणं हा सोपा वाटणारा रस्ता आहे, पण रिपोर्टमध्ये स्क्रीनशॉट आणि ट्रेस (टेस्टच्या प्रत्येक पायरीची नोंद) जातात, ट्रेसमध्ये नेटवर्क रिक्वेस्ट आणि कुकीसुद्धा असतात, आणि रेपो (गिटहबवरचं प्रोजेक्टचं फोल्डर) पब्लिक असेल तर ती फाइल गिटहबवर लॉगिन केलेला कुणीही उतरवू शकतो.

वर्कफ्लोची फाइल

इन्स्टॉलच्या वेळी हो म्हटलं असेल तर डॉट-गिटहब फोल्डरमध्ये वर्कफ्लोज आणि त्यात प्लेराइट डॉट वायएमएल अशी फाइल तयार झालेली असेल. ती उघडून ओळीनुसार वाचा, लहान आहे. वर लिहिलंय की मेन किंवा मास्टर ब्रँचवर पुश झाला किंवा त्यांच्यासाठी पुल रिक्वेस्ट (माझे बदल या ब्रँचमध्ये घ्या अशी विनंती) आली की धाव. मग मशीन कुठलं, उबुंटू लेटेस्ट. जास्तीत जास्त ६० मिनिटं. ही मर्यादा तुम्ही १५-२० वर आणा, लहान प्रोजेक्टला तेवढी बास होते, आणि काहीतरी अडकून पडलं तर फुकटची मिनिटं जळत नाहीत, कारण मर्यादाच लिहिली नाही तर गिटहबची डिफॉल्ट ३६० मिनिटं आहे.

पुढच्या पायऱ्या अशा: कोड उतरव, नोड लाव, "एनपीएम सीआय" चालव, "प्लेराइट इन्स्टॉल डॅश डॅश विथ-डेप्स" चालव, टेस्ट चालव, रिपोर्ट अपलोड कर. एनपीएम इन्स्टॉल ऐवजी एनपीएम सीआय का, तर ते पॅकेज-लॉक फाइलमध्ये जे व्हर्जन आहे तेच आणि तेवढंच टाकतं. म्हणून लॉक फाइल गिटमध्ये कमिट केलेली हवीच. विथ-डेप्सने ब्राउझरला लागणाऱ्या लिनक्सच्या लायब्ररी येतात, तो शब्द गाळला तर काही ब्राउझर उघडतच नाहीत. ब्राउझर कॅशे करून वेळ वाचवायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो, पण कॅशे परत आणायला जवळपास डाउनलोडइतकाच वेळ लागतो म्हणून प्लेराइटवाले स्वतःच नको म्हणतात.

रिपोर्ट अपलोडच्या पायरीवर एक अट दिसेल, जॉब कॅन्सल झाला नसेल तर अपलोड कर अशी. ती काढू नका. अट नसेल तर टेस्ट फेल झाल्यावर गिटहब पुढची पायरी सोडून देतं, म्हणजे रिपोर्टची गरज असते नेमका तेव्हाच तो मिळत नाही.

यॅमलमध्ये (ही वायएमएल फाइल ज्या पद्धतीने लिहितात ती) इंडेंटला स्पेसच वापरा, टॅब चालत नाही. फाइल कमिट करा, पुश करा, गिटहबवर अ‍ॅक्शन्स टॅब उघडा, पिवळा ठिपका फिरताना दिसेल.

लॅपटॉपवर पास, तिकडे फेल

इथून खरं काम सुरू होतं आणि नवीन माणूस इथेच हिंमत सोडतो. कारणं मात्र ठरलेली आहेत.

पहिलं कारण फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर. विंडोजला लॉगिनपेज हे नाव कॅपिटल एलने लिहा की स्मॉल एलने, दोन्ही सारखंच. उबुंटूला त्या दोन वेगळ्या फाइली आहेत, इम्पोर्ट सापडत नाही. विंडोजवर नुसतं रीनेम केलं तर गिटला बदल कळतही नाही बऱ्याचदा, "गिट एमव्ही" वापरून नाव बदला.

दुसरं, वेळ. गिटहबच्या मशीनवर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) चालतं, आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात तिकडे अजून कालचीच तारीख असते. "आजची आवक" दाखवणारी टेस्ट दिवसभर हिरवी राहते आणि कुणी रात्री एक वाजता पुश केला की लाल, सकाळी परत चालवली की हिरवी, आणि सगळे म्हणतात टेस्टच विचित्र आहे. टेस्टचं काही चुकलेलं नाही. प्लेराइटच्या कॉन्फिगमध्ये टाइमझोन-आयडी एशिया स्लॅश कोलकाता करा, त्याने ब्राउझरची वेळ ठरते, आणि वर्कफ्लोमध्ये टीझेड नावाचं व्हेरिएबल तेच द्या म्हणजे तिथे चालणारा सर्व्हरही त्याच वेळेत राहतो. दोन्ही लागतात. तारखेवर खूप काही अवलंबून असेल तर प्लेराइटच्या क्लॉक एपीआयने ब्राउझरमधली वेळ एका जागी गोठवून ठेवता येते. आणि एवढं करताना एक प्रश्न स्वतःला विचाराच, की तुमचा खरा सर्व्हर कुठल्या वेळेवर चालतोय, कारण तोही यूटीसीवर असेल तर पहाटे बाजाराच्या तयारीला बसलेल्या माणसाला खरोखरच कालची तारीख दिसतेय, आणि मग टेस्टने बग पकडलाय.

तिसरं, आकडे. जावास्क्रिप्टमध्ये आकडा मजकूर म्हणून दाखवणाऱ्या टू-लोकेल-स्ट्रिंगला लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) दिला नाही तर ब्राउझरचा लोकेल वापरला जातो. इंग्लिश-इंडिया असेल तर लाख-हजाराच्या पद्धतीने स्वल्पविराम येतात पण आकडे इंग्रजी, अमेरिकन असेल तर सव्वा लाखाचा स्वल्पविराम भलत्याच जागी, आणि मराठी-इंडिया दिला तर आकडेच देवनागरी होतात. तुमच्या लॅपटॉपवरच्या क्रोमची भाषा एक, टेस्टमधल्या ब्राउझरची दुसरी, म्हणून कॉन्फिगमध्ये लोकेल स्पष्ट लिहा. त्याहून चांगलं म्हणजे अ‍ॅपच्या कोडमध्येच लोकेल स्पष्ट द्या, कारण पट्टीवरचा आकडा कुणाच्या मोबाइलची भाषा काय आहे यावर बदलता कामा नये.

चौथं कारण आपल्या मराठीचं खास आहे आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये ते सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर. "शेतकऱ्याचं नाव" यातला ऱ संगणकात तीन तऱ्हेने लिहिलेला सापडतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसरं साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता, तिसरं साधा र, हलंत आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखंच दिसतं, पण कॉम्प्युटरसाठी ते तीन वेगळे मजकूर आहेत. अ‍ॅपमधलं लेबल एकाने एका कीबोर्डवर टाइप केलं, टेस्ट दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवर, आणि गेट-बाय-लेबल म्हणतं असं लेबलच नाही. तुम्ही डोळे फाडून बघता, अक्षर न् अक्षर तेच आहे! उपाय असा की मराठी मजकूर एका भाषा-फाइलमध्ये ठेवा आणि अ‍ॅप आणि टेस्ट दोघांनीही तो तिथूनच घ्यायचा, परत टाइप करायचा नाही. ते शक्य नसेल तर तेवढ्या जागी टेस्ट-आयडी (फक्त टेस्टसाठी दिलेलं ओळख-नाव) द्या.

आणि हा फक्त टेस्टचा प्रश्न नाहीये. अ‍ॅपमध्ये कुऱ्हाडे आडनाव शोधलं आणि सापडलं नाही, कारण नोंद करणाऱ्याचा मोबाइल वेगळा आणि शोधणाऱ्याचा कॉम्प्युटर वेगळा, असं खरंच होऊ शकतं. जावास्क्रिप्टच्या नॉर्मलाइझने एनएफसी केलं (म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या मांडण्या एका ठरलेल्या रूपात आणल्या) की पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही, तो वेगळा बदलून घ्यावा लागतो. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे हे करा, आणि याची एक टेस्ट नक्की लिहा, तिन्ही प्रकारांनी शोधून एकच शेतकरी सापडला पाहिजे. मराठी अ‍ॅपसाठी याच्याइतकी मोलाची टेस्ट मला तरी दुसरी माहीत नाही.

पाचवं, फॉन्ट. स्क्रीनशॉट जुळवणाऱ्या टेस्ट विंडोजवर बनवून उबुंटूवर पास होणार नाहीत, अक्षरं रंगवायची पद्धतच वेगळी. प्लेराइट स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावात प्लॅटफॉर्म लिहितं ते त्याचसाठी. देवनागरीत फरक जास्त जाणवतो, जोडाक्षरांची रुंदी बदलली की ओळच तुटते. असे स्क्रीनशॉट प्लेराइटच्या डॉकर इमेजमध्येच बनवा आणि अ‍ॅपसोबत स्वतःचा वेबफॉन्ट द्या. पण नवीन असाल तर स्क्रीनशॉट टेस्ट सध्या बाजूलाच ठेवा.

लॉगिन आणि ओटीपी

आपल्याकडे जवळपास प्रत्येक अ‍ॅपला मोबाइल ओटीपी असतो आणि टेस्ट तिथे अडते. सीआयमधून खरे एसएमएस पाठवायचे नाहीत, पैसेही जातात आणि मेसेज कधी येईल सांगता येत नाही. सर्व्हरवर टेस्टच्या एन्व्हायर्नमेंटपुरता एक ठरलेला ओटीपी चालेल अशी सोय करा, पण ती सोय प्रॉडक्शनमध्ये चालू होणं अशक्य असलं पाहिजे, म्हणजे अ‍ॅप प्रॉडक्शन मोडमध्ये असेल आणि ते सेटिंग चुकून सापडलं तर अ‍ॅपने सुरूच व्हायला नकार द्यायचा. हे चेकिंग लिहिल्याशिवाय ठरलेल्या ओटीपीला हात लावू नका, कुणाचंही खातं उघडायची किल्ली आहे ती. पेमेंटला गेटवेचा टेस्ट मोड.

लॉगिन प्रत्येक टेस्टमध्ये परत करायची गरज नाही. एका सेटअप टेस्टमध्ये लॉगिन करा, स्टोरेज-स्टेट फाइलमध्ये सेव्ह करा, बाकीच्या टेस्ट तीच उघडून सुरू होतात. त्या फाइलमध्ये चालू सेशन असतं, म्हणून ती गिटइग्नोरमध्ये टाका. पासवर्ड वगैरे गिटहबच्या सीक्रेट्समध्ये ठेवायचे, आणि लक्षात असू द्या की बाहेरच्या फोर्कवरून (दुसऱ्याने घेतलेल्या रेपोच्या कॉपीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला ती सीक्रेट्स मिळत नाहीत, तिथे लॉगिन फेल झालं तर कारण हेच.

लाल झाली की काय करायचं

परत रन करायचं बटण आधी दाबू नका. अ‍ॅक्शन्समध्ये त्या रनच्या पेजवर खाली आर्टिफॅक्टमध्ये रिपोर्टची झिप असते, ती उतरवा, उघडा, आणि "एनपीएक्स प्लेराइट शो-रिपोर्ट" पुढे फोल्डरचं नाव देऊन बघा. नुसतं एचटीएमएलवर डबल क्लिक केलं तर ट्रेस उघडत नाही. ट्रेसमध्ये प्रत्येक क्लिकच्या आधीचं आणि नंतरचं पेज, नेटवर्क, कन्सोल सगळं असतं, ते नीट बघितलं तर दहातल्या आठ वेळा कारण तिथेच दिसतं. कॉन्फिगमध्ये ट्रेस ऑन-फर्स्ट-रीट्राय असतो, म्हणजे पहिल्यांदा फेल होऊन दुसऱ्यांदा धावली तेव्हाचा ट्रेस मिळतो.

रीट्राय सीआयमध्ये २ असतात. म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी पास झाली तरी एकूण रन हिरवाच, फक्त रिपोर्टमध्ये फ्लेकी (कधी पास, कधी फेल) असं लिहून येतं. ही यादी आठवड्यातून एकदा कुणीतरी एकाने बसून बघायची हे टीममध्ये ठरवून टाका, नाव लावून ठरवा, "आपण सगळे बघू" म्हटलं की कुणीच बघत नाही. फ्लेकी टेस्ट लोकलला "डॅश डॅश रिपीट-ईच इक्वल टू २०" लावून चालवा, लपलेला घोळ बहुतेक बाहेर येतो. कारण सापडत नसेल तर तिला फिक्समी लावून बाजूला काढा आणि इश्यू नोंदवा. दुरुस्त होईपर्यंत ती टेस्ट नाहीच असं धरा, पण बाकीच्या टेस्टचा विश्वास तिच्यामुळे घालवू नका. मी तर म्हणेन टेस्ट स्थिर झाल्या की रीट्राय १ वर आणा.

मर्ज अडवणं, मिनिटं, रात्रीचा रन

आठवडा-दोन आठवडे टेस्ट शांतपणे चालू दिल्या आणि लाल म्हणजे खरंच लाल असं दिसलं की मग ब्रँच प्रोटेक्शनमध्ये जाऊन हा चेक सक्तीचा करा, म्हणजे लाल असताना बदल मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करता (मिसळता) येत नाही, पण हे पहिल्या दिवशी नाही. चेक एकदा तरी धावल्याशिवाय तिथल्या यादीत दिसत नाही. प्रायव्हेट रेपोला ही सोय फुकटच्या प्लॅनमध्ये नाही, तिथे लाल असताना मर्ज करायचं नाही हा नियम माणसांनीच पाळायचा.

पब्लिक रेपोला गिटहबची साधी मशीनं फुकट आहेत, प्रायव्हेटला फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला २००० मिनिटं. प्रत्येक जॉब पुढच्या पूर्ण मिनिटाला मोजला जातो. छोट्या टीमला पुरतात, फक्त वर्कफ्लोमध्ये कन्करन्सी लावून कॅन्सल-इन-प्रोग्रेस ट्रू करा, म्हणजे त्याच ब्रँचवर नवीन पुश आला की जुना रन थांबतो. आणि पुल रिक्वेस्टवर फक्त क्रोमियम चालवा, तिन्ही ब्राउझर रात्री एकदा. रात्रीचा रन शेड्यूलमध्ये क्रॉनने (ठरावीक वेळ लिहायची पद्धत) लावायचा, सवयीप्रमाणे आपली वेळ टाकू नका, डिफॉल्ट तिथेही यूटीसीच आहे, आपल्याला पहाटे २:१५ हवं असेल तर आदल्या दिवशीचे २०:४५ लिहायचे. बरोबर तासाच्या ठोक्याला गिटहबवर गर्दी असते आणि रन उशिरा सुरू होतो, म्हणून मधली मिनिटं घ्या. पब्लिक रेपोवर ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर शेड्यूल आपोआप बंद होतं, हेही माहीत असू द्या.

प्लेराइटचं व्हर्जन वाढवायचं असेल तेव्हा त्याची वेगळी पुल रिक्वेस्ट करा, त्यात दुसरा कुठलाही बदल नको, कारण प्रत्येक व्हर्जनसोबत ब्राउझरही बदलतात. लॅपटॉपवर त्यानंतर "एनपीएक्स प्लेराइट इन्स्टॉल" परत चालवायला लागतं, टीममध्ये सगळ्यांना ग्रुपवर तसं कळवून टाका.